नॉर्मनचे दार आणि ओरछा गेट : ‘सहज वापर’ या कल्पनेची चिकित्सा

इंटरफेस डिझाइनच्या प्रकल्प-अहवालांत एक वाक्य हमखास सापडते : ‘आमचा इंटरफेस युजर-फ्रेंडली आणि इंट्यूटिव्ह आहे.’ कोणासाठी सहज, कोणत्या कामासाठी सहज, आणि कोणाला तो सहज नसावा, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र अहवालात नसतात. ‘सहज’ हा शब्द आपण प्रमाणपत्रासारखा वापरतो. या टिपणात त्या शब्दाची तपासणी करायची आहे. त्यासाठी दोन दारे समोर ठेवू. एक डोनाल्ड नॉर्मन यांच्या पुस्तकातले, दुसरे झाशीचे ओरछा गेट.

१. नॉर्मनचे दार

नॉर्मन यांचे पुस्तक १९८८ मध्ये ‘द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या नावाने आले. पुढे ते ‘द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ या नावाने जगभर वाचले गेले आणि २०१३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण दाराचे आहे. काचेच्या दाराला दोन्ही बाजूंनी सारखीच मूठ असेल, तर माणूस ढकलायचे तिथे ओढतो. मग दारावर ‘ढकला’ अशी पाटी लागते. नॉर्मन यांचे म्हणणे असे की, इतक्या साध्या वस्तूला सूचना लिहावी लागली तर चूक माणसाची नाही, दाराची आहे. जिथे ढकलायचे तिथे सपाट पट्टी लावा, जिथे ओढायचे तिथे मूठ लावा. पाटी काढून टाकता येईल.

या एका उदाहरणातून चार संज्ञा समजतात. वस्तूशी आपण काय करू शकतो ती शक्यता म्हणजे अफोर्डन्स. हा शब्द मानसशास्त्रज्ञ जे. जे. गिब्सन यांचा. ती शक्यता कुठे आहे हे दाखवणारी खूण म्हणजे सिग्निफायर. नियंत्रण आणि परिणाम यांची जुळणी म्हणजे मॅपिंग. आणि ‘काम झाले’ हे कळवणारा प्रतिसाद म्हणजे फीडबॅक. लोक ‘शक्यता’ आणि ‘खूण’ यांची गल्लत करू लागले, म्हणून २०१३ च्या आवृत्तीत नॉर्मन यांनी सिग्निफायरवर विशेष भर दिला.

पुस्तकाचे मोठेपण निर्विवाद आहे. ‘मला यंत्रातले काही कळत नाही’ असे म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या माणसाची बाजू त्याने घेतली. पण नॉर्मनचे दार एका विशिष्ट जागचे आहे. ते कार्यालयाच्या इमारतीतले आहे. त्याच्यासमोर एकटा माणूस उभा आहे, त्याला आत जायचे आहे आणि त्याने आत जावे यालाही कोणाची हरकत नाही. आपण बांधतो ती बहुतेक दारे अशी नसतात.

२. ओरछा गेट : नाव हीच खूण

झाशीच्या शहरतटाला दहा दरवाजे होते असे सांगतात. त्यांची नावे पाहा : दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, सागर, भांडेर, लक्ष्मी, खंडेराव वगैरे. यांतली बहुतेक नावे दरवाज्याची नसून रस्त्याची आहेत. ओरछा गेटमधून निघालेला रस्ता बेतवाकाठच्या ओरछ्याला जातो, दतिया गेटचा दतियाला, सागर गेटचा सागरला. लक्ष्मी गेटचे नाव त्या बाजूच्या महालक्ष्मी मंदिराशी जोडलेले आहे. दार कसे उघडायचे हे नाव सांगत नाही. ‘पलीकडे काय आहे’ हे सांगते. निर्णय जिथे घ्यायचा तिथेच माहिती ठेवायची, हा नियम वेबसाइटच्या मेनूला आपण आज शिकवतो. या नावांत तो आधीपासून आहे. ‘सेवा’, ‘अधिक’, ‘इतर’ असे लिहिलेली बटणे आणि ‘दतिया’, ‘सागर’ असे लिहिलेली दारे शेजारी ठेवून पाहिली की फरक लक्षात येतो.

ही पद्धत एकट्या झाशीची नाही. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, पैठण गेट पैठणच्या दिशेला आहे. पुण्यातल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. जुन्या दिल्लीत लाहोरी, अजमेरी, काश्मिरी दरवाजे आहेत.

आता या नावांतली उणीव पाहू. ओरछा गेट हे नाव झाशीत उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. ओरछ्याहून येणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? तो तर ओरछा मागे टाकून आला आहे. म्हणजे नाव शहराच्या आतल्या वापरकर्त्याच्या जागेवरून दिलेले आहे. तसेच उन्नाव गेटचे. इथले उन्नाव म्हणजे झाशीजवळचे, बालाजीच्या सूर्यमंदिराचे उन्नाव. देशातल्या इतर विद्यार्थ्याला उन्नाव म्हटले की लखनौ-कानपूरकडचा जिल्हा आठवेल. झाशीच्या माणसाला जी खूण निःसंदिग्ध वाटते ती बाहेरच्याला फसवू शकते. खूण चांगली की वाईट हे खूण वाचणाऱ्यावाचून ठरत नाही.

३. सहज म्हणजे परिचित

ॲपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू करणाऱ्या जेफ रॅस्किन यांनी १९९४ मध्ये नेमके हेच मांडले : ज्याला आपण ‘इंट्यूटिव्ह’ म्हणतो ते बहुधा ‘परिचित’ असते. माउस पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो कसा फिरवायचा हे आतून सुचत नाही. कोणीतरी दाखवावे लागते.

आपल्या हाताशी असलेले उदाहरण देवनागरी कळफलकाचे आहे. इन्स्क्रिप्टची रचना अत्यंत तर्कशुद्ध आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ‘क’च्या कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘त’च्या कळीवर ‘थ’, ‘ल’च्या कळीवर ‘ळ’. एकदा शिकले की मराठी आणि हिंदीच काय, इतर भारतीय लिप्याही त्याच मांडणीने टंकता येतात. तरीही असंख्य मराठी तरुण मोबाइलवर रोमन अक्षरांत ‘kasa’च्या वळणाने ‘कसा’ उमटवतात. कारण उघड आहे : रोमन कळफलकावर त्यांची बोटे आधीच बसलेली असतात. नियमबद्ध असलेले आणि परिचित असलेले अशी स्पर्धा लागली की पहिल्या दिवशी परिचित जिंकते.

यातून ‘इन्स्क्रिप्ट वाईट’ असा निष्कर्ष निघत नाही, ‘लोक चुकतात’ असाही नाही. निघते ते एवढेच की पहिल्या वापराचा सोपेपणा आणि शंभराव्या वापराचा सोपेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकदाच भरायचा प्रवेश-अर्ज पहिल्या वापरालाच सोपा हवा. रोज आठ तास टंकलेखन करणाऱ्याचे साधन शिकायला चार दिवस लागले तरी चालेल. ‘सहज’ या एका शब्दाखाली दोन्ही दडपले की चर्चा तिथेच थांबते.

४. स्टेशनचे नाव

झाशीचेच अलीकडचे एक उदाहरण. २०२१ च्या अखेरीस झाशी रेल्वे स्थानकाचे नाव बदलून वीरांगना लक्ष्मीबाई ठेवण्यात आले. जेएचएस हा जुना सांकेतांक जाऊन व्हीजीएलबी आला. पुढे नावात ‘झाशी’ हा शब्द पुन्हा जोडला गेला; आता स्थानक ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ आहे आणि सांकेतांक व्हीजीएलजे.

नामांतर करावे की नाही हा या टिपणाचा विषय नाही. नाव स्मारकाचेही काम करते, आणि राणीचे स्मरण झाशीने करावे यात वावगे काही नाही. पण स्थानकाचे नाव त्याच वेळी इंटरफेसही असते. तिकीट काढताना, फलक वाचताना, उद्घोषणा ऐकताना माणूस त्या नावाने रस्ता शोधतो. पुण्याहून किंवा नागपूरहून निघालेल्या प्रवाशाच्या मनात ‘झाशी’ असते. नावातून शहर वगळले गेले तर आदर पुरा होतो, दिशा हरवते. ‘झाशी’ परत जोडल्यावर एकाच नावात दोन्ही कामे बसली. डिझाइनच्या भाषेत ही चांगली दुरुस्ती आहे : नवे नाव कायम ठेवून जुनी ओळख त्यात सामावली.

तुमच्यासाठी धडा असा. एखाद्या बटणाचे, मेनूचे, सेवेचे नाव बदलायची वेळ प्रत्येक प्रकल्पात येते. तेव्हा जुन्या नावाने शोधणारा माणूस नव्या जागी पोहोचतो का, हे तपासायचे. तो पोहोचत नसेल तर नवे नाव कितीही थोर असले तरी काम अपुरे आहे.

५. नाकारणे हेही दाराचे काम

ओरछा गेट तटाचा दरवाजा होता, आणि तटाच्या दरवाज्याचे अर्धे काम बंद राहणे हेच असते. नॉर्मनच्या दारात हा भाग जवळजवळ येत नाही. पुरते सांगायचे तर, मुद्दाम अवघड केलेल्या वस्तूंची चर्चा त्यांच्याही पुस्तकात आहे. मुले एकटी बाहेर जाऊ नयेत म्हणून कड्या उंचावर बसवलेल्या एका शाळेच्या दाराचे उदाहरण ते देतात. पण तिथे तो अपवाद म्हणून येतो. पासवर्ड, ओटीपी, परवानग्या यांनी भरलेल्या आजच्या संगणकात तो नियम आहे.

आपल्या जुन्या वाड्यांनी आणि गढ्यांनी यावर एक उत्तर काढले होते : दिंडी. मोठ्या दरवाज्याच्या फळीतच एक छोटे दार. रोजची ये-जा दिंडीतून, वाकून, एकेकाने. मिरवणूक किंवा हत्ती आला तरच मोठी फळी उघडायची. रोजचे काम थोडक्यात होते आणि धोका मोजका राहतो. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहणे आणि एक लाख रुपये पाठवणे यांना एकच अडथळा लावणारा डिझायनर दिंडी विसरलेला असतो. छोट्या कामालाही तो मोठा दरवाजा उघडायला लावतो, आणि कंटाळलेले लोक मग अडसर काढूनच ठेवतात. पासवर्ड कागदावर लिहून संगणकाला चिकटवतात.

१८५८ च्या वेढ्यासंबंधी झाशीत एक कथा रूढ आहे : दुल्हाजू नावाच्या सरदाराने फितूर होऊन ओरछा दरवाजा इंग्रजांना उघडून दिला. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ या हिंदी कादंबरीने ती घराघरात नेली. इंग्रजांच्या वृत्तांतांत मात्र ३ एप्रिलच्या हल्ल्यात तटाला पडलेले खिंडार आणि लावलेल्या शिड्या यांना महत्त्व आहे. इतिहासाचा निवाडा इतिहासकार करतील. पण कथा ज्या भीतीवर उभी आहे ती डिझायनरने समजून घेण्यासारखी आहे. दार कितीही भक्कम असो, आतला अडसर एकाच माणसाच्या हातात असेल तर दाराची ताकद त्या एका माणसाएवढीच असते.

६. अडसर दोघांच्या हातात

या भीतीला दिलेले एक भारतीय उत्तर म्हणजे मतदान यंत्र. त्याच्या रूपरचनेत आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधल्या प्राध्यापकांचा वाटा होता. मतदारासमोरच्या युनिटवर उमेदवाराचे नाव, चिन्ह आणि त्याच ओळीत निळे बटण. मॅपिंग इतके सरळ की वाचता न येणाऱ्याचेही अडत नाही. एका युनिटवर १६ ओळी मावतात. बटण दाबले की शेजारी लाल दिवा लागतो आणि आवाज येतो : फीडबॅक डोळ्यांना आणि कानांनाही.

पण खरा विचार दुसऱ्या युनिटमध्ये आहे. ते मतदान अधिकाऱ्याकडे असते. त्याने ‘बॅलट’ बटण दाबल्याशिवाय मतदाराचे बटण चालत नाही, आणि एक मत पडले की यंत्र पुन्हा बंद होते. अधिकारी दार उघडू शकतो, पण मत देऊ शकत नाही. मतदार मत देऊ शकतो, पण स्वतःसाठी दार पुन्हा उघडू शकत नाही. इथला अवघडपणा योजून ठेवलेला आहे.

तरीही यंत्राच्या पोटात काय नोंदले गेले हे दिवा आणि आवाज सांगू शकत नाहीत. म्हणून पुढे व्हीव्हीपॅट जोडले गेले. मताची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. वापरण्यातला सोपेपणा आणि विश्वास या एकच गोष्ट नाहीत, हे या जोडणीतून कळते. वापरायला सोपे असलेले यंत्रही आपण काय केले याचा पुरावा दाखवत नसेल, तर त्याच्याविषयी शंका राहते.

७. समारोप

नॉर्मन यांनी विचारलेला प्रश्न टिकाऊ आहे : दार पाहून ते कसे वापरायचे हे कळते का? ओरछा गेट त्यात आणखी चार प्रश्नांची भर घालते. दाराचे नाव कोणाच्या जागेवरून दिले आहे? जुन्या ओळखीने येणारा माणूस आत पोहोचतो का? कोणाला अडवायचे आहे, आणि रोजच्या माणसासाठी दिंडी ठेवली आहे का? अडसर कोणाच्या हातात आहे?

हे प्रश्न कोरडे नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनची नोंद, दवाखान्याची वेळ या सगळ्या गोष्टी आता पडद्यावरच्या दारांमागे गेल्या आहेत. दार कळले नाही म्हणून परत फिरलेला माणूस तक्रार करत नाही. ‘आपल्यालाच जमत नाही’ म्हणत तो निघून जातो, आणि आपल्या आकडेवारीत त्याची नोंदही होत नाही. म्हणून अहवालात ‘इंट्यूटिव्ह’ लिहिण्याआधी कोणाला, कितव्या वापराला आणि कोणत्या कामासाठी, हे लिहा. ते लिहून झाले की तो शब्द गाळला तरी अहवालाचे काही बिघडत नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातल्या किंवा शहरातल्या पाच वेशी, नाके किंवा थांबे निवडा. त्यांची नावे आतल्या माणसासाठी आहेत की बाहेरून येणाऱ्यासाठी, ते लिहा.

२. तुमच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळाच्या मेनूतली जी नावे ‘पलीकडे काय आहे’ हे सांगत नाहीत ती शोधा आणि बदलून दाखवा.

३. तुम्ही वापरता त्या एका ॲपमध्ये ‘दिंडी’ आणि ‘मोठा दरवाजा’ अशा दोन पातळ्या आहेत का? नसतील तर कुठे असाव्यात?

४. साठीच्या पुढच्या एका व्यक्तीला एक ऑनलाइन काम करताना पाहा. मध्ये बोलू नका, मदत करू नका. ती कुठे थांबली आणि थांबल्यावर स्वतःविषयी काय म्हणाली, याची नोंद करा.