‘नाही’ आणि ‘नको’ : हिशेबयंत्राच्या पृच्छेतील मराठी

हिशेबाच्या ज्या संगणक-प्रणाली केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालतात, त्यांत यंत्र पृच्छा करते आणि मनुष्य कळफलकावरील एका कळीने उत्तर देतो. या पृच्छेस व्यवहारात ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. वाङ्मयाच्या अभ्यासकास हा विषय क्षुद्र वाटेल. परंतु या एकाक्षरी उत्तरावर कोणाच्या तरी वर्षभराच्या नोंदी अवलंबून असतात.

अशा पृच्छांच्या मराठी रूपांतरात ‘होय’ व ‘नाही’ ही जोडी सर्रास योजली जाते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप तिच्यातील दुसऱ्या शब्दावर आहे. इंग्रजीतील ‘नो’ वस्तुस्थितीचा निषेधही करतो आणि कृतीला नकारही देतो. मराठीने ही कामे दोन शब्दांकडे सोपविली आहेत. ‘पट्टी आली का?’ याचे उत्तर ‘नाही’. ‘ही नोंद पुसू का?’ याचे उत्तर ‘नको’. यंत्र येथे माहिती विचारीत नाही, अनुज्ञा मागते. ‘पुसायची नाही’ असा अध्याहार करून ‘नाही’चे समर्थन करता येईल, हे खरे. पण ‘नोंद जतन झालेली नाही. बाहेर पडायचे?’ या पृच्छेपुढे ते समर्थन लंगडे पडते. तेथे ‘नाही’ हे उत्तर आधीच्या विधानाला दुजोरा देते की प्रश्नाला नकार, हे क्षणभर कळत नाही. रत्नागिरीत आंब्याच्या हंगामात एका पेढीवर दलालांच्या पट्ट्या नोंदविणारा कारकून पाहिला. पृच्छा उमटताच तो तोंडाने ‘नको, नको’ म्हणे आणि बोटाने ‘एन’ शोधी.

ही कळही विचारार्ह आहे. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात अंतर्भूत असलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘वाय’च्या कळीवर ‘ब’ आणि ‘एन’च्या कळीवर ‘ल’ येतो. ‘ह’ व ‘न’ अनुक्रमे ‘यू’ आणि ‘व्ही’ यांच्या कळींवर आहेत. म्हणजे प्रश्न मराठीत करून उत्तर ‘वाय’ अथवा ‘एन’ असेच मागितले, तर मराठीत नोंद करणाऱ्यास प्रत्येक उत्तरासाठी कळफलक बदलावा लागतो. असे रूपांतर अर्धेच होय.

तिसरा मुद्दा मौनाचा. एमएस-डॉसमध्ये एखाद्या निर्देशिकेतील सर्व फाइली पुसण्याची आज्ञा दिली असता ‘वाय’ लिहून मग एंटर दाबावे लागे. पुढील अनेक प्रणालींत नुसते एंटर हाच होकार ठरला. मौन हीच संमती हा न्याय नोंद स्वीकारताना सोयीचा आहे. नोंद पुसताना तो घातक आहे.

यास्तव रूपांतरकारांनी अनुज्ञेच्या पृच्छेस ‘हो’ व ‘नको’ ही जोडी योजावी, ‘ह’ आणि ‘न’ ही उत्तरेही ग्राह्य धरावीत आणि जेथे काही नष्ट व्हावयाचे असेल तेथे मौनाचा अर्थ ‘नको’ असाच करावा. शब्दांची यादी भाषांतरित केली, एवढ्याने संवाद मराठी होत नाही. नकार देण्याची मराठी रीतही त्यात उतरली पाहिजे.