तर्पणाची उलटी दिशा

निरालांच्या 'सरोज-स्मृति' (१९३५) या दीर्घकवितेस शोकगीत म्हणून मोकळे होणे सोयीचे असले, तरी तीत निव्वळ करुणरसाचा परिपोष शोधणे व्यर्थ आहे. १९ व्या वर्षात पाऊल टाकलेली मुलगी गेल्यावर पिता स्वतःचीच झडती घेतो : अर्थार्जनातील अपयश, संपादकांकडून परत येणाऱ्या कविता. कान्यकुब्ज समाजाचा उपहासही या झडतीतूनच येतो. त्यास रसभंग म्हणणे पढिकपणाचे. मातृहीन वधूला आईची शिकवण त्यानेच दिली. तिच्या रूपात त्याला दिवंगत पत्नीसमवेतचा शृंगार दिसतो. इथे रसांची शास्त्रोक्त कप्पेबंदी टिकत नाही. अखेरीस गतकर्मे अर्पून तो कन्येचे तर्पण करतो. अपत्याने करावयाचे कृत्य पित्याकडे आल्यावर त्यातून सांत्वन निष्पन्न होत नाही, आणि निरालांनी ते मागितलेलेही नाही.