लावलेली ताटी

सज्जनहो, ताटीच्या अभंगांवर मी उभ्या हयातीत कितीतरी कीर्तने केली. रागावलेल्या थोरल्या भावाला मुक्ताईने शांतीचा उपदेश केला, एवढाच अर्थ सांगत आलो. आता तो अपुरा वाटतो.

रचना नीट पाहा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबाराय ताटी लावून आत बसले. आतून शब्द नाही, भांडण नाही. दिसायला सारे शांतच. तरी धाकटी बहीण त्याला शांती म्हणत नाही. संतांची लक्षणे सांगते, ब्रह्माची गोष्ट सांगते आणि प्रत्येक अभंगाच्या शेवटी पुन्हा दारापाशीच येते. ध्रुवपद हाच इथे गाभा आहे. दार उघडेपर्यंत तिचा उपदेश पुरा होत नाही.

धुळ्याकडच्या एका गावी श्रोत्याने मला भर कीर्तनात टोकले. मी हसून वेळ निभावली, पण पंगतीला न बसताच निघालो. लोक म्हणाले, ‘महाराज किती शांत!’ मी तर ताटी लावली होती.

आपल्या जळगाव जिल्ह्यात कोथळी-मुक्ताईनगरला दर्शनाला जाल, तेव्हा आईसाहेबांपुढे हात जोडून स्वतःला एवढे विचारा: माझे दार कोणासाठी बंद आहे?

रामकृष्णहरी.