सिम्प्सनची नावे आणि त्याचे चरित्रकार

ऑस्ट्रेलियन सैन्यातील जॉन सिम्प्सन याच्या चरित्राचा विचार करू जाता प्रथम त्याच्या नावापाशीच थांबावे लागते. जन्मनाव जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिक. जन्म १८९२ साली इंग्लंडातील साउथ शील्ड्स येथे. १९१० मध्ये ऑस्ट्रेलियात जहाज सोडून पळालेल्या या खलाशाने ऊसतोड, कोळशाची खाण, जहाजावरील भट्टी अशी कामे केली. ऑगस्ट १९१४ मध्ये सैन्यात भरती होताना त्याने ‘कर्कपॅट्रिक’ हे आडनाव गाळले. पळपुटा खलाशी म्हणून ओळखले जाऊ नये, हाच हेतू असावा. २५ एप्रिल १९१५ रोजी तो गॅलिपोलीस उतरला, जखमींना गाढवावर बसवून किनाऱ्याकडे आणीत राहिला आणि १९ मे रोजी मारला गेला. अवघे चोवीस दिवस! वय २२.

बेन्सन यांच्या १९६५ च्या चरित्राने या तरुणाची पत्रे वाचकांपुढे आणली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु बेन्सन धर्मोपदेशक होते, आणि त्यांना हवा होता तो करुणामूर्ती सेवक. इंग्लंडातील श्रमिकांनी क्रांती करून धनिक-उमराव दूर सारावेत, असे आईला लिहिणारा सिम्प्सन त्यांनी वाचकांपासून दूर ठेवला. पीटर कॉकरेन यांनी १९९२ च्या ग्रंथात ही काटछाट उघड केली. चरित्रनायकाचे शब्द गाळून त्याचा गौरव करणे हा संपादनाचा दोषच होय; भक्तीच्या सबबीने तो क्षम्य ठरत नाही.

तथापि कॉकरेन यांचा सारा भर आख्यायिका कोणी व कशासाठी घडविली, यावर आहे. खंदकात रूढ झालेल्या नावांचा भाषिक विचार त्यात दुय्यम ठरतो. सोबती सिम्प्सनला ‘स्कॉटी’ म्हणत, ‘मर्फी’ही म्हणत, ‘मर्फी’ हेच नाव गाढवालाही मिळाले. स्वार व वाहन यांची नावे अशी एकमेकांत मिसळणे हे मौखिक परंपरेचे लक्षण आहे. प्रचारखात्यास ते सहसा सुचत नाही. सिम्प्सनचा मुक्काम खेचरे बाळगणाऱ्या २१ व्या हिंदी पहाडी तोफखान्यापाशी असे, आणि तेथील सैनिक त्याला ‘बहादूर’ म्हणत, असे सांगितले जाते. फारसीद्वारा मराठीतही स्थिरावलेला हा शब्द मूळ तुर्की-मंगोल कुळातला. समोरच्या तुर्की सैनिकांच्या भाषेतही तो ‘बहादिर’ या रूपात नांदत होता. शत्रूलाही कळावी अशी ही पदवी चरित्रकारांनी केवळ स्थानिक रंगापुरती वापरावी, हे खटकते.

नावांप्रमाणे चेहऱ्याचीही अदलाबदल झाली. मूर-जोन्स यांचे प्रसिद्ध चित्र सिम्प्सनचे म्हणून गाजले. त्यामागील छायाचित्र मात्र हेंडरसन या न्यूझीलंडच्या सैनिकाचे. हेंडरसनही गाढवावरून जखमींना आणीत असे. सिम्प्सनला व्हिक्टोरिया क्रॉस द्यावा काय, या प्रश्नाची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियन न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये नकारार्थी निर्णय दिला. त्याचे शौर्य त्याच्या पथकातील इतर डोलीवाहकांच्या शौर्यासारखेच होते, असा त्याचा आशय. त्या इतरांना कोणी कोणती नावे दिली होती, याचा शोध दोन्ही चरित्रग्रंथांच्या कक्षेबाहेरच राहिला आहे.