खारे पाणी, पण कोणते?

समुद्राच्या पाण्याची घनता, उष्माधारकता, त्यातला ध्वनीचा वेग, गोठणबिंदू हे सारे संगणकावर काढून देणारा ‘जीएसडब्ल्यू’ हा आज्ञावलींचा संच कोणालाही मोफत मिळतो. उच्च माध्यमिकच्या प्रकल्पांसाठी शिक्षकांनी तो जरूर वापरावा, असे आम्हांला वाटते. मात्र त्याच्याबद्दल आमची एक तक्रारही आहे.

आधी गुण. १९८० सालच्या जुन्या पद्धतीत घनतेचे सूत्र वेगळे, उष्माधारकतेचे वेगळे, ध्वनिवेगाचे वेगळे. प्रत्येक सूत्र आपापल्या प्रयोगांवर बेतलेले. ती एकमेकांशी तंतोतंत जुळतीलच अशी हमी नव्हती. २००९ साली युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाने ‘टीईओएस-१०’ हे नवे मानक स्वीकारले. हा संच त्यावरच आधारलेला आहे. मानकाच्या मुळाशी क्षारता, तापमान आणि दाब यांचे एकच गिब्ज फलन आहे. त्याचे दाबानुसार विकलन केले की घनतेचा व्यस्तांक मिळतो; तापमानानुसार केले की, चिन्ह बदलून, एन्ट्रॉपी; तापमानानुसार दुसऱ्यांदा केले की त्यातून उष्माधारकता. ‘विकलनाचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या मुलापुढे ठेवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही.

आता तक्रार. समुद्रावर कोणी मीठ तोलत बसत नाही. पाण्याची विद्युतवाहकता मोजतात आणि तीवरून क्षारता ठरवतात. हे चालते, कारण खुल्या समुद्रात कोठेही गेले तरी निरनिराळ्या क्षारांचे परस्परप्रमाण जवळपास तेच असते. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीतले ७७ नमुने तपासून डिटमार यांनी ते १८८४ मध्ये दाखवून दिले. जवळपास, अगदी तेच नव्हे. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्यात सिलिकेट जास्त असते आणि वाहकतेच्या मोजणीत ते जवळजवळ उमटतच नाही. किलोमागे फार तर ०.०३ ग्रॅमच्या आसपासची ही तूटही नवे मानक स्थळ पाहून भरून काढते. इतकी काळजी!

पण वर्गात काय होते ते पाहा. ९६५ ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम खायचे मीठ विरघळवायचे आणि त्याला समुद्राचे पाणी म्हणायचे, ही आपली जुनी सवय. २५ अंश सेल्सिअसला संगणक घनता सांगेल, घनमीटरला सुमारे १०२३.२ किलो. निव्वळ सोडियम क्लोराईडच्या द्रावणाची घनता मात्र १०२१.७ च्या आसपास भरते. सिलिकेटच्या दुरुस्तीने पडणाऱ्या फरकाच्या कितीतरी पट ही चूक, आणि इशारा काहीच नाही. मीठ किती, एवढेच संच विचारतो. कोणते, हे विचारत नाही.

मिठागरातल्या पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. पाणी आटते तसे आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, मग मीठ खाली बसते आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असलेले कडवट पाणी मागे उरते. परस्परप्रमाण बदलले की या हिशेबाला आधारच राहत नाही. शिवाय संचाची मर्यादा किलोमागे ४२ ग्रॅमची. ती ओलांडली तरी घनतेची बहुपदी आकडा देतच राहते, तोही भरपूर दशांश स्थळांसह. आपण मर्यादेत आहोत का हे सांगणारे ‘इनफनेल’ नावाचे फलन संचात आहे. पण ते आपण होऊन बोलत नाही. सागरवैज्ञानिक ते विचारील, अकरावीचा विद्यार्थी कशाला विचारतो? ही तपासणी मुळातच सक्तीची हवी होती.

मिठागर किंवा मृत समुद्र यांच्यासाठी केनेथ पिट्झर यांनी १९७३ मध्ये मांडलेली समीकरणे आहेत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची ‘पीएचआरईईक्यूसी’ ही आज्ञावली ती वापरू शकते. तिला सोडियम, मॅग्नेशियम, क्लोराईड, सल्फेट असे एकेक आयन मोजून द्यावे लागते. काम कटकटीचे खरे, पण पाण्यात काय आहे हे कळल्यावाचून पुढे जाताच येत नाही.

शाळेपुरता आमचा आग्रह एवढाच, की आधी विशिष्ट गुरुत्वाची बाटली घ्यावी. ५० मिलिलिटरच्या बाटलीत वरचा फरक ०.०७ ग्रॅमच्या आसपास येतो; शंभरांश ग्रॅम दाखवणारा तराजू त्याला पुरतो. पाणी ऊर्ध्वपातित असावे, मीठ कोरडे करून तोलावे आणि तापमान सांभाळावे, कारण एका अंशाने घनता घनमीटरला पाव किलोहून अधिक हलते. मुलांनी आपला आकडा फळ्यावर लिहिला, की मग संगणक सुरू करावा.