‘मोकळी जमीन’ आणि ‘अधांतर’ : गिरणगावाच्या पुनरुज्जीवनाची भाषा

मुंबईच्या गिरणगावासंबंधी गेल्या तीन-चार दशकांत जे लेखन झाले, त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्यात नियम, अधिसूचना, न्यायनिर्णय, समित्यांचे अहवाल आणि जमीन व इमारती विकणाऱ्यांच्या जाहिराती येतात. दुसऱ्यात नाटक, कथा, कविता आणि कामगारांनी सांगितलेल्या आठवणी. या दोहोंचा विषय एकच आहे. परळ, लालबाग, चिंचपोकळी, करी रोड, वरळी या टापूतील कापड गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी कार्यालये, बाजारसंकुले आणि उंच निवासी इमारती आल्या, आणि शहराच्या मध्यभागी भांडवलाचा नवा ओघ सुरू झाला. परंतु मराठी समीक्षेने आजवर दुसऱ्या वर्गाचेच वाचन केले. पहिला वर्ग तिने वकिलांकडे आणि अर्थशास्त्रज्ञांकडे सोपविला. ही वाटणी सोयीची असली तरी तिच्यामुळे मोठी हानी झाली आहे. कारण गिरणगावाचे जे झाले त्यातील बराचसा भाग शब्दांच्या अर्थावरच ठरला.

‘पुनरुज्जीवन’ या शब्दापासूनच आरंभ करणे युक्त होईल. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नावा नियम आजारी व बंद गिरण्यांच्या जमिनींसाठी होता. त्याच्यामागील भूमिका अशी की, मालकाने जमिनीचा काही भाग विकून वा विकसित करून पैसा उभारावा आणि त्यातून गिरणीचे आधुनिकीकरण व्हावे, कामगारांची देणी फिटावी. अर्थात या ठिकाणी ज्याचे पुनरुज्जीवन व्हावयाचे होते ते उद्योगाचे. जमीन हे त्याचे साधन होते. पुढच्या पंधरा वर्षांत या क्रियेचे कर्म बदलले. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर क्रियापद तेच राहिले आणि कर्माच्या स्थानी ‘गिरणी’ ऐवजी ‘गिरणीची जमीन’ येऊन बसली. कालांतराने ‘परिसर’ हा त्याहूनही निराकार शब्द त्या जागी आला. उद्योग मेला तरी परिसराचे पुनरुज्जीवन झाले असे म्हणता येऊ लागले, आणि असे म्हणताना कोणाचीही जीभ अडखळली नाही. अर्थांतराची उदाहरणे भाषेच्या इतिहासात विपुल आहेत. तथापि एका पिढीच्या आत, डोळ्यांदेखत आणि इतक्या द्रव्याच्या मोलाने घडलेले अर्थांतर विरळा.

त्याहूनही उद्बोधक आहे तो ‘मोकळी जमीन’ हा शब्दप्रयोग. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे कल्पिले होते. एक महानगरपालिकेला उद्याने व सार्वजनिक सोयींसाठी, एक गृहनिर्माण मंडळाला घरांसाठी आणि एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही या जमिनींचा एकत्रित, नियोजनपूर्वक विचार व्हावा असे सुचविले होते. गिरण्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर मानली जाते. तिचे तीन वाटे पडले असते तर दाट वस्तीच्या या टापूला केवढी मोकळीक मिळाली असती याचा अंदाज कोणासही करता येईल. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली. जुन्या नियमाखाली फारसे मालक पुढे येत नाहीत, असे या दुरुस्तीचे समर्थन होते, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते.

मग प्रश्न उरला तो अर्थाचा. मोकळी जमीन म्हणजे कोणती? गिरणीच्या आवारात ज्या भागावर पूर्वीपासून बांधकाम नव्हते तेवढीच, की शेड पाडल्यानंतर जी मोकळी होते तीही? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दुसरा, व्यापक अर्थ स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निर्णय फिरविला आणि पहिला, संकुचित अर्थ कायम केला. गिरणी ही वास्तूच अशी की तिच्या आवाराचा मोठा भाग साचेखात्याने, गोदामांनी, बॉयलरच्या घराने व्यापलेला असावयाचा. त्यामुळे संकुचित अर्थाने सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन फारच थोडी उरली.

भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. मराठीत ‘मोकळे’ हे विशेषण स्थितिवाचक आहे आणि फलवाचकही आहे. ‘मोकळे मैदान’ म्हणताना ते मुळातच मोकळे असते. ‘हात मोकळे झाले’ म्हणताना ते आधी गुंतलेले होते हे गृहीत असते. ‘खोली मोकळी आहे’ या वाक्यात दोन्ही अर्थ नांदतात आणि कोणता घ्यावयाचा हे प्रसंगावरून ठरते. नियमाच्या मूळ इंग्रजी शब्दालाही अशी द्व्यर्थता आहेच, म्हणून तर दोन न्यायालयांना दोन अर्थ दिसले. न्यायनिर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा हे या पत्रिकेचे क्षेत्र नव्हे. एवढे मात्र नोंदविणे अगत्याचे आहे की एका विशेषणाच्या दोन छटांमधील अंतर या प्रकरणी एकरांत मोजता येते, आणि तरीही मराठीच्या एकाही अभ्यासमंडळात त्याची चर्चा झाल्याचे ऐकिवात नाही.

त्या अंतराची किंमत काय होती याची कल्पना २००५ च्या विक्रीवरून येते. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने त्या वर्षी आपल्या पाच गिरण्यांची जमीन विकली आणि सुमारे २,०२० कोटी रुपये मिळविले. त्यात मुंबई टेक्स्टाइल मिलच्या एकट्या जमिनीला ७०२ कोटी रुपये आले. या गिरण्या राष्ट्रीयीकृत होत्या, म्हणजे आजारी पडल्यामुळे शासनाने सांभाळावयास घेतलेल्या होत्या. कापड विणताना ज्यांना तोटा होत असे, त्यांची जमीन विकताना हा दर आला. आर्थिक वाढीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत बलवान मुद्दा आहे आणि तो टाळून केलेली टीका लटकी ठरते. यंत्रे जुनी झाली होती, यंत्रमागाशी स्पर्धा अवघड झाली होती, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपापूर्वीच या धंद्याचा पाया खचू लागला होता. पुढे त्याच जमिनीवर बँका, विमा, जाहिरात आणि वृत्तव्यवसाय यांची कार्यालये आली, हजारो नवे रोजगार आले, महापालिकेचे उत्पन्न वाढले. ही वाढ खरी आहे. प्रश्न आहे तो तिच्या वर्णनासाठी निवडलेल्या शब्दांचा, कारण त्या शब्दांत आधीच्या वस्तीला जागा नाही.

‘गिरणगाव’ हा शब्दच पाहावा. नगरपालिकेच्या कोणत्याही नकाशावर त्याची हद्द आखलेली नव्हती. तो बोलणाऱ्यांनी घडविलेला समास आहे. गिरणी आणि गाव ही दोन पदे एकमेकांशी विसंगत वाटावीत अशी. परंतु कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी गावकीची मंडळे, भजने, सण आणि खानावळी यांसह आपले गावच गिरणीच्या भिंतीला लावून वसविले होते, म्हणून तो समास टिकला. त्याच्या जागी आज काय आहे? ‘लोअर परळ’ हे रेल्वे स्थानकाचे नाव साऱ्या टापूला चिकटले. पुढे घरे विकणाऱ्यांना त्यातील ‘लोअर’ बोचू लागले असावे, म्हणून ‘अपर वरळी’ हे नाव जाहिरातींतून अवतरले. जमीन जागची हलली नाही, नावाने मात्र ती वर चढली.

शासकीय परिभाषेचीही अशीच एक गंमत आहे. इंग्रजीत ज्याला गालिच्याचे क्षेत्र म्हणतात त्यासाठी मराठीत ‘चटईक्षेत्र’ हा शब्द रूढ झाला, आणि जमिनीच्या मानाने किती बांधकाम करावयाचे याच्या प्रमाणाला ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ हे नाव पडले. भाषांतरकाराने गालिचा काढून चटई अंथरली, हे त्याच्या मराठी संस्काराचे लक्षण म्हणावे. परंतु ज्या गाळ्यांत पाळीप्रमाणे माणसे निजत, पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा आडवा होई, त्या गाळ्यांच्या जागी उठणाऱ्या मनोऱ्यांची उंची चटईने मोजली जावी, यातील विरोध त्याच्या ध्यानीमनीही नसेल.

आता दुसऱ्या वर्गाकडे वळावे. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक संपानंतरच्या गिरणगावातील धुरी कुटुंबाचे आहे. वडील नाहीत, आई, तीन मुलगे आणि एक मुलगी. त्याची चर्चा बहुधा कामगारवर्गाच्या विघटनाचे चित्र म्हणून होते आणि ते चूक नाही. परंतु शीर्षकाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘अधांतर’ म्हणजे जेथे खाली जमीन नाही आणि वर आधार नाही अशी अवस्था. नियमावली ज्या काळात जमिनीची भाषा घडवीत होती, त्याच काळात नाटककाराने जमीन नसण्याचा शब्द निवडला. हा योगायोग असो वा नसो, दोन्ही शब्द शेजारी ठेवले म्हणजे परस्परांवर जो प्रकाश पडतो तो केवळ कथानकाच्या विश्लेषणाने पडत नाही.

नाटकाचे सामर्थ्य असे की ते चाळीतल्या खोलीत राहते. भांडवल, जमिनीचे दर, धोरण यांवर त्यात प्रवचन नाही. घरातील माणसे एकमेकांना टोचून बोलतात, पैशांवरून आणि जेवणावरून बोलतात, आणि त्या बोलण्यातूनच बाहेरचा भोंगा बंद झाल्याचे कळते. एकेका मुलाने धरलेली वाट निराळी आहे. लेखक होऊ पाहणारा थोरला बाबा आणि गुंडगिरीकडे ओढला गेलेला नरू यांच्यामध्ये जी दरी पडते ती संवादाच्या लयीतच ऐकू येते. उणीव दाखवावयाची तर बाबाच्या पात्रात दाखविता येईल. लेखनाची आकांक्षा बाळगणारे पात्र घरात असले की नाटककाराला आपले काही म्हणणे त्याच्याकडे सोपविण्याचा मोह होतो, आणि तेवढ्यापुरती त्या घराची बोली किंचित पुस्तकी होते. आईच्या बोलण्याला मात्र असे कोठेही होत नाही.

पवारांच्या ज्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्याचे नाव ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. येथे शीर्षकापुरतेच पाहावयाचे आहे. ‘फिनिक्स’ म्हणजे राखेतून पुन्हा जन्मणारा पुराणपक्षी. परळच्या रहिवाशाला मात्र ती प्रथम १९०५ मध्ये स्थापन झालेली एक गिरणी आहे, आणि तिच्या तरुण मुलाला तेथेच उभे असलेले बाजारसंकुल. पक्ष्याच्या राखेतून तोच पक्षी उठावा हा मूळ कल्पनेचा गाभा. लेखकाने तेथे मोर उठविला. जे उठले ते सुंदर आहे, पिसारा फुलविणारे आहे, पण जे जळाले ते हे नव्हे. पुनरुज्जीवन या शब्दाच्या कर्माचा जो बदल वर सांगितला, तो या शीर्षकाने एका नामाच्या फेरबदलाने सांगून टाकला आहे.

तरीही या साहित्याविषयी एक तक्रार राहते. गिरणगावावरील मराठी लेखन संपाच्या आणि नंतरच्या पडझडीच्या काळापाशी रेंगाळते. नव्या कार्यालयांच्या दारात उभा राहणारा पहारेकरी, रात्री फरशी पुसणारी बाई, दुचाकीवरून जेवणाची पुडकी पोहोचविणारा मुलगा हे या पुनरुज्जीवित मध्यवस्तीचे कामगार आहेत, आणि त्यांतील काही साचेवाल्यांचीच नातवंडे आहेत. साहित्यात त्यांचा शिरकाव फारसा नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. गिरण्यांच्या काळातील चिंचोळ्या वाटांवरून कार्यालयांची गर्दी वाहत होती. तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबर रोजी, कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. पुढच्या वर्षी जुलैत त्या स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. एवढ्या सामग्रीकडे पाठ फिरवून शोकगीत गात राहणे हे वाङ्मयाला शोभत नाही. शोक हा देखील एक प्रकारचा ‘संकुचित अर्थ’ होय. तो पूर्वीपासून जे मोकळे आहे तेवढेच पाहतो.

नियमांच्या वर्गात ‘हक्क’ आणि ‘सोडत’ हे दोन शब्दही जवळजवळ आलेले दिसतात. गृहनिर्माण मंडळाच्या वाट्याच्या जमिनीवरील घरे गिरणी कामगारांना मिळावीत ही मागणी हक्क म्हणून झाली, आणि २०१२ मध्ये पहिली वाटणी सोडतीने झाली. अर्जदार सुमारे दीड लाख आणि घरे काही हजार. तेव्हा चिठ्ठ्या टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते हे मान्य. तथापि ज्याचा हक्क आहे त्याचे नाव चिठ्ठीत निघण्याची वाट पाहावी लागते, तेव्हा ‘हक्क’ या शब्दाला ‘नशीब’ या शब्दाचा शेजार लागतो. दोन हजारांच्या दशकातील आंदोलनांची पत्रके आणि नंतरच्या काळातील बातम्या यांची तुलना कोणी केल्यास हा सरकत गेलेला अर्थ तपशिलाने दाखविता येईल.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून गिरणगावाचा शतकाचा वृत्तांत मिळविला आणि तो २००४ मध्ये ग्रंथरूपाने इंग्रजीत आणला. मोलाच्या या कामातही, मराठीत सांगितलेल्या साक्षींची पहिली ग्रंथभाषा इंग्रजी व्हावी, हे मराठीच्या विभागांना लाज आणणारे आहे. खात्यांत बोलल्या जाणाऱ्या मराठीचा कोश अद्याप कोणी केलेला नाही. सर्वसाधारण मराठीत ‘साचा’ म्हणजे ओतीव वस्तूचे घडण. गिरणीत तो माग. ‘बदली’ म्हणजे कचेरीत स्थानांतर. गिरणीच्या दारात ती दुसऱ्याच्या खाड्यावर मिळणारी एका दिवसाची मजुरी आणि त्या मजुरीची वाट पाहणारा माणूसही. १९८२ मध्ये जो पंचवीस वर्षांचा होता तो आज सत्तरीच्या घरात आहे, आणि हे शब्द त्याच्या तोंडी अजून आहेत.