दौतीवरचा बैल

नांगर, बैलजोडी, कणसांची पेंढी अशी शेतीची शिल्पे अंगावर वागविणारी जुनी ब्राँझची दौत हाती आली की संग्राहक तिचा घाट न्याहाळतो, ओतकाम पारखतो, धातूवर चढलेली काळसर झाक चिंचेने घासून घालवू नये अशी तंबीही देतो. ही रसिकता आम्हांस मान्य आहे. १९व्या शतकात फ्रान्समध्ये प्राण्यांच्या ब्राँझ-शिल्पांची परंपराच उभी राहिली; एकेका शिल्पाच्या अनेक प्रती निघत. याउलट जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील वोज कारागिरांच्या डोक्रा कामात मेण वितळून जाते, साचा फोडावा लागतो. म्हणून एक बैल दुसऱ्यासारखा होत नाही. या कलेस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आमचा आक्षेप निराळा आहे. दौत ही निव्वळ मूर्ती नव्हे. तिच्यात शाई होती. बैलाचे शिल्प ज्याच्या मेजावर असे, तो बहुधा औतामागे चाललेला नसे. जो चालला, त्याचा अंगठा त्या शाईने काळा होई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा सावकारांच्या वह्या व कर्जरोखे आगीत पडले. जोतीराव फुले यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लेखणीवाल्यांनी चालविलेली निरक्षर कुणब्याची नागवणूकच मांडली. हा इतिहास वगळून दौतीवरच्या बैलाला ‘ग्रामीण सौंदर्य’ म्हणणे ही अर्धीच समीक्षा होय.

पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजेच कवी ‘अज्ञातवासी’, यांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू जमविल्या आणि १९६२ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनास दिला. वस्तू ज्या संसारातली, तो संसारही त्यांच्या संग्रहात दिसतो. त्याचे मोल आम्हांस यामुळेच अधिक वाटते.

पैनगंगेच्या अलीकडे, भीमपूर परिसरात राहिलेल्या आपल्या घरांनी पोळ्याला बैल पुजला आणि लक्ष्मीपूजनाला वहीही पुजली. नांगर आणि लेखणी या दोन्ही बाजूंना आपले पूर्वज होते. कोण कोठे होते, हे सांगतील ते माळ्यावरच्या पेटीतील मोडी कागद. आज दौत घासूनपुसून कपाटात बसते आणि ते कागद रद्दीत जातात. दौतीला गिऱ्हाईक मिळेल. कागदांना मिळणार नाही. म्हणून आमची विनंती एवढीच, की आधी कागद राखावेत. त्यांच्यावाचून ती दौत कोरडीच आहे.